सोडलेला बटाटा

बटाट्याला स्वतःची चव असते, हे आपल्याकडं कुणाला सांगून पटत नाही. बटाटा म्हणजे भर. वड्यात घाला, रश्श्यात घाला, ऐनवेळी पाहुणे वाढले की भाजीत आणखी दोन चिरा. आंब्याच्या जातींवरून तावातावानं भांडणारा माणूस बटाट्याच्या ढिगापुढं उभा राहतो आणि पुढ्यात येतील ते पिशवीत भरून घरी जातो. पाचगणीच्या उज्ज्वला बिरामणेला या गोष्टीचा मनापासून राग यायचा. बोर्डिंग शाळेच्या मेसमध्ये तिचं आयुष्य गेलं होतं. पोत्यामागून पोती एकाच चवीचा, खरं तर बिनचवीचा बटाटा तिनं पोरांच्या ताटात वाढला होता. निवृत्त झाल्यावर तिनं घरामागच्या उतारावर वाफे बांधले आणि त्यांत वेगवेगळ्या जातींचे बटाटे लावायला घेतले. लोक हसले. पाचगणीत राहून स्ट्रॉबेरी नाही आणि बटाटे कसले लावताय, म्हणाले.

हसली नाही ती फक्त रोहिणी, तिची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे एकामागोमाग गेले होते. घरात दोघी उरल्या आणि उरल्यावर एकमेकींच्या झाल्या. त्याआधी पाटा-वरवंट्यापासून पडद्यांच्या रंगापर्यंत त्यांनी सगळ्यावरून भांडून घेतलं होतं, त्यामुळं आता भांडायला काही शिल्लक नव्हतं.

नव्या जातीची चव बघायचा त्यांचा दिवस म्हणजे उपासाचा दिवस. त्या दिवशी कांदा-लसूण नसतो, जीभ कोरी असते. बटाटे सालासकट उकडायचे, मीठ घालायचं नाही, आणि अंगणातल्या पायरीवर बसून एकेक तुकडा तोंडात घोळवायचा. रोहिणीची जीभ फार तिखट.

"हा पिठूळ आहे. भरीत बरं होईल याचं."

"आणि हा?"

"याला ओल्या शेंगांचा वास आहे ताई. बघा, गिळल्यावर येतो."

"पोस्टात तिकिटं चाटून चाटून जीभ तयार झालीय तुझी," उज्ज्वला म्हणायची. रोहिणी पोस्टातून निवृत्त झाली होती. पण तिनं म्हटलं की उज्ज्वला पुन्हा तुकडा घ्यायची, आणि गिळल्यावर खरंच ओल्या शेंगांचा वास यायचा.

पुढं पाचगणीच्या रात्री तापल्या. घराघरात पंखे लागले, मग एसी लागले. बटाट्याच्या रोपाला जमिनीखाली गाठी धरायच्या तर गार रात्र लागते. दिवसा पानांनी केलेली साखर रात्री खाली उतरते आणि तिथं पिष्ट होऊन साठते. रात्र उबदार राहिली की रोप ती साखर स्वतःच्याच श्वासोच्छ्वासात जाळून टाकतं. उज्ज्वलाची रोपं कमरेएवढी वाढली, फुलली, आणि उपटली तेव्हा खाली नुसत्या मुळ्या. बटाट्यासाठी नावाजलेल्या सातगाव पठारावर हेच, खटावात हेच. बाजारातला बटाटा शीतगृहातून, कुठून कुठून यायचा आणि सफरचंदाच्या भावानं विकला जायचा.

उपाय निघाला होता. दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण दऱ्यांत बटाट्याचे रानटी भाऊबंद आहेत, त्यांना गरम रात्रीचं काही वाटत नाही. त्यांच्याशी घरगुती बटाट्याचा संकर केला की उन्हाळा सोसणारं रोप मिळतं. बियाणांची देवघेव करणाऱ्या हौशी लोकांच्या गटातून उज्ज्वलाला असं बी मिळालं. बी म्हणजे डोळ्याची फोड नव्हे, खरंखुरं बी. बटाट्याला हिरव्या टोमॅटोसारखी बारकी फळं धरतात, त्यातलं. फोड लावली तर जुनंच झाड पुन्हा येतं. बी पेरलं तर प्रत्येक रोप वेगळं येतं, एका आईच्या मुलांसारखं. एखादं गुणी, एखादं वाया गेलेलं.

वाया गेलेलं म्हणजे विषारी. बटाट्याच्या झाडात सोलॅनिनच्या जातकुळीची विषं असतात. किडीपासून वाचायला झाड ती तयार करतं. माणसानं पिढ्यान् पिढ्या निवड करून ती कमी करत आणली, पण रानटी जातीत ती भरपूर असतात आणि संकरातून परत येतात. उकडून जात नाहीत, तळून जात नाहीत. रोप गरम हवेत वाढलं तर उलट वाढतात. विद्यापीठात ती मोजायला यंत्रं आहेत. घरामागच्या वाफ्यात फक्त जीभ असते, पण ती पुरते, कारण हे विष मोठं इमानदार आहे. ते कडू लागतं.

पहिल्या वर्षी निम्मी रोपं कडू निघाली. रोहिणीनं तुकडा जिभेवर ठेवला की लगेच तोंड वाकडं करून ती नळाकडं धावायची. उज्ज्वला खात्री करायला तोच तुकडा चाखायची, थुंकायची, आणि ते रोप मुळासकट उपटून जाळायची. खतातसुद्धा घालायची नाही. दोघींना यात भारी मजा वाटायची. राहिलेल्या रोपांत मन भरावं असं काही नव्हतं, म्हणून उज्ज्वलानं दुसऱ्या वर्षी पुन्हा नवं बी पेरलं. त्याच पावसाळ्यात रोहिणीला रक्ताचा कॅन्सर निघाला.

औषधं लागू पडत होती, पण रोहिणी खात नव्हती. केमोनं तिचं तोंड कडू झालं होतं. कडू म्हणजे नुसतं बेचव नव्हे. पाणी कडू, साखर कडू, स्वतःची थुंकी कडू. उज्ज्वलानं मऊ भात केला, पेज केली, ताकात कालवून दिलं. घास तोंडाशी गेला की रोहिणीच्या डोळ्यांत पाणी यायचं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी उज्ज्वलाला बाहेर बोलावून सांगितलं, "रक्त सुधारतंय. पण त्या जातील तर उपासमारीनं जातील. काहीही करा, त्यांच्या पोटात अन्न गेलं पाहिजे."

काहीही करा म्हटल्यावर उज्ज्वला घाट उतरून वाईला गेली. काशीला जाऊन आवडता पदार्थ सोडायची आपल्याकडं रीत आहे. खरी काशी लांब, वाई ही दक्षिण काशी. बहुतेक लोक यात लबाडी करतात. तिच्या नवऱ्यानं पडवळ सोडलं होतं, जे तो जन्मात खात नव्हता. उज्ज्वलाला देवाशी असला व्यवहार जमणारा नव्हता. ढोल्या गणपतीपुढं हात जोडून तिनं सांगितलं, रोहिणीला खाऊ दे, जगू दे. मी बटाटा सोडला.

रोहिणीला कळलं तेव्हा अंथरुणात उठून बसायचीही तिच्यात ताकद नव्हती, पण ती चिडली.

"बटाटे पिकवणारी बाई बटाटा सोडते? काही सोडायचंच होतं तर चहा सोडायचा."

"चहा काय एवढा आवडत नाही मला."

"आणि यंदाचं बी? त्याची चव कोण बघणार?"

"तू बघ," उज्ज्वला म्हणाली. "म्हणून तर बरी हो."

या बोलण्याचा रोहिणीवर परिणाम झाला. तिनंच फोनवर शोधून पुण्याच्या एका दवाखान्याचा पत्ता काढला. तिथं 'सुस्वाद' नावाचा नवा उपचार देत होते.

उपचार सोपा होता. गोड ओळखायला आपल्या जिभेच्या पेशींवर एकाच तऱ्हेचे ग्राहक, म्हणजे चव टिपणारे रेणू, असतात, कडू ओळखायला मात्र दोन डझनांहून जास्त तऱ्हांचे. निसर्गानं एवढा पसारा मांडला, कारण विषं नाना प्रकारची असतात आणि त्यातली बरीच कडू असतात. जिभेच्या या पेशी थोड्या थोड्या दिवसांनी मरतात आणि खालच्या मूळपेशींतून नव्या येतात. 'सुस्वाद'चा लेप जिभेच्या मुळाशी चोळला की त्या मूळपेशींतली कडूची जनुकं बंद व्हायची. पुढं येणाऱ्या प्रत्येक पेशीला गोड, आंबट, खारट सगळं कळायचं, कडू तेवढं कळायचं नाही. हा शोध केमोच्या रुग्णांसाठी लागला. मग मुलं औषध थुंकतात म्हणून मुलांना देऊ लागले. मग पालेभाज्या खाव्यात म्हणून, मग बिनसाखरेची कॉफी गोड मानून प्यायची फॅशन आली म्हणून मोठ्यांनाही. कडू चव कुणाला हवी असते? तिच्या बाजूनं बोलायला कुणीच नव्हतं.

तिथली डॉक्टर केतकी नावाची तरुण मुलगी होती. तिनं नीट समजावून सांगितलं. "हे कायमचं असतं, काकू. एक काळजी घ्यायची. दुधी, दोडका, काकडी, बदाम, असं जे कधी कधी कडू निघतं, ते आधी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी चाखायचं. तुमच्याकडं आहे ना कुणी?"

"आहेत की. या आमच्या ताई," रोहिणी म्हणाली.

"मी सगळं चाखून देईन," उज्ज्वला म्हणाली. आणि तिनं ते शब्दशः पाळलं. त्या दिवसापासून या घरात दुधीची चकती आधी उज्ज्वलाच्या तोंडात गेल्याशिवाय कढईत गेली नाही. काकडीचं टोक, दोडक्याची फोड, बदामाचा कण, सगळं. बटाट्याचं नाव डॉक्टरनं घेतलं नाही. ती तरी का घेईल? तिच्या उभ्या जन्मात तिनं कडू बटाटा खाल्ला नव्हता.

दिवाळीच्या सुमारास रोहिणीनं पहिल्यांदा आपणहून ताट मागितलं. आमटीभात, वर तूप. ती खात राहिली आणि उज्ज्वला समोर बसून रडत राहिली.

"रडताय काय? वाढा," रोहिणी म्हणाली.

नव्या बियाची रोपं तेवढ्यात काढणीला आली होती. त्यात एक रोप बाकीच्यांहून वेगळं होतं. पानं काळपट हिरवी, कीड नाही, करपा नाही, आणि खाली मुठीएवढे गुलाबी बटाटे. गरम रात्रींची त्याला जराही पर्वा नव्हती. एकादशीला उज्ज्वलानं नेहमीसारखे वेगवेगळ्या रोपांचे बटाटे उकडले आणि रोहिणीला पायरीवर आणून बसवलं. गुलाबी बटाट्याशी ती थांबली.

"ताई, हा! लोण्यासारखा आहे हो. मागून अक्रोडासारखी चव येते. असला बटाटा आपण खाल्लाच नाही."

"खरं सांगतेस?"

"शप्पथ. घशात जरा चुणचुणतंय, पण सुरणानं चुणचुणतं तेवढंच."

"घसा सोलवटलाय तुझा त्या औषधांनी," उज्ज्वला म्हणाली, आणि सवयीनं तिनं एक तुकडा उचलला. तोंडाजवळ नेला. मग आठवलं आणि तिनं तो परत ताटलीत ठेवला.

"खा की तुम्ही एक तुकडा. गणपती काय इकडंच बघत बसलाय?"

"तू जेवायला लागलीस ते त्यानं बघितलं म्हणूनच ना?"

रोहिणी हसली आणि तो तुकडाही तिनंच खाल्ला. तुकडे खाण्यानं काही होत नाही. एवढ्याशा विषाचा निचरा शरीर आपोआप करतं.

त्या जातीला उज्ज्वलानं रोहिणीचंच नाव दिलं. उरलेल्या बटाट्यांच्या फोडी करून काही पुन्हा लावल्या, काही शेजारीपाजारी लावायला वाटल्या. चार घरं सोडून राहणाऱ्या तन्वीनं तर अंगणातला गुलाबांचा वाफा काढून तिथं रोहिणी लावली. बाकी कुठलंच वाण गाठी धरत नव्हतं. वाटलेल्या घरी लोकांनी चव बघितलीच असती. पण त्या आळीत आता 'सुस्वाद' न केलेलं माणूस शोधावं लागलं असतं, आणि ते उज्ज्वलाच्याच घरात होतं.

त्या वर्षी थंडी पडलीच नाही. माघात अंगावर चादर नको वाटत होती. रोहिणी बटाट्याचं पीक मात्र असं आलं की उज्ज्वलाला ते ठेवायला टोपल्या पुरेनात. महाशिवरात्रीला तिनं बेत केला. शिवरात्रीला त्यांच्याकडं भगर चालत नाही, आणि साबुदाणा रोहिणीला अजून पचत नव्हता. म्हणजे सगळी मदार बटाट्यावर. सकाळी जिरं-मिरचीची भाजी, दुपारी कीस, संध्याकाळी दह्यातल्या फोडी, सोबत कवठाची चटणी. स्वतःसाठी उज्ज्वलानं रताळी उकडली. दिवसभर दुसरं काहीही पोटात नाही आणि रोहिणी मनसोक्त बटाटा खात होती. तिच्या गालांवर मांस दिसू लागलं होतं, आणि प्रत्येक वेळी ताट सरकवताना उज्ज्वला म्हणत होती, "अजून थोडा घे. माझ्यासाठी घे."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता रोहिणीला उलट्या सुरू झाल्या. पोटात आग पडली म्हणाली. साताऱ्याला नेईपर्यंत ती असंबद्ध बोलू लागली होती. पोस्टाची खिडकी उघडा म्हणत होती. नाडी सावकाश होत चालली. डॉक्टरांनी सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली, काय खाल्लं ते विचारलं. "उपासाचं," उज्ज्वला म्हणाली. त्यांनी मान हलवली. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी पोट बिघडलेली माणसं त्यांना नवी नव्हती. दुपारी रोहिणीनं उज्ज्वलाचं बोट घट्ट धरलं आणि संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली.

"एवढ्या केमोनंतर हृदयात ताकद राहत नाही हो," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही तुमच्याकडून काही कमी केलं नाहीत." ते मनापासून बोलत होते.

दिवसकार्य झालं, नातेवाईक आपापल्या गावी गेले. उज्ज्वला स्वयंपाकघरात एकटी बसली होती आणि समोर टोपलीत गुलाबी बटाटे होते. तिला आधी दुःख झालं नाही, संताप आला. देवाशी तिनं एक सरळ व्यवहार केला होता. आपली बाजू तिनं एका कणानंही मोडली नव्हती. मग आता हे व्रत कुणासाठी सांभाळायचं? तिनं बटाटे उकडले, सोललेसुद्धा नाहीत, आणि उभ्या उभ्या एक मोठा घास तोंडात कोंबला.

कडू. पहिल्याच घासाला कडू. जीभ आक्रसली, घशात जाळ उठला, आणि ती नळाकडं धावली. चूळ भरून दुसरा बटाटा फोडला. कडू. तिसरा. तोही कडू. लहान पोरानंही थुंकून टाकला असता.

ती खाली फरशीवर बसली. तिला एकदम सगळं कळलं आणि ते पुन्हा न कळलेलं करता येईना. रोहिणीला खाता यावं म्हणून तिची जीभ मुकी केली. रोहिणीनं जगावं म्हणून आपण आपली जीभ देवाला दिली. या घरात दोनच जिभा होत्या, आणि दोघींनी त्या एकमेकींसाठी देऊन टाकल्या. दुधी चाखला, काकडी चाखली, आणि आपल्याच हातानं लावलेलं, आपल्याच हातानं शिजवलेलं विष तीनदा ताट भरून वाढलं. वर अजून घे म्हटलं. हे सहन करायची काही पद्धत असेल तर ती उज्ज्वलाला माहीत नव्हती. ती ओरडली. घरात ऐकणारं कुणी नव्हतं.

मग तिला शेजार आठवला आणि ती तशीच वाटीत उकडलेले बटाटे घेऊन तन्वीकडं गेली. तन्वी दारातच भेटली.

"काकू! या ना. तुम्ही कशाला आलात उन्हाच्या, मीच येणार होते."

"हा खाऊन बघ. नको, गिळू नकोस. जिभेवर ठेव फक्त."

तन्वीनं तुकडा तोंडात टाकला, चावला आणि गिळला. "रोहिणी ना? फारच छान आहे हो हा बटाटा."

"कडू आहे तो, तन्वी. विषारी आहे. रोहिणी यानंच गेली. तुझा सगळा वाफा उपटून जाळ. ज्यांना ज्यांना दिलाय त्यांना सांग."

तन्वीनं तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत नुसती माया होती, विश्वास कुठंच नव्हता. तिनं उज्ज्वलाच्या हातातली वाटी घेऊन बाजूला ठेवली आणि तिला खुर्चीवर बसवलं.

"काकू, तुम्ही धड जेवला नाहीत इतके दिवस. तोंड कडू होणारच. माझी आई गेली तेव्हा मलाही पाणी कडू लागायचं. तो लेप लावून घेतला आणि आठवड्यात बरं वाटलं. मी येते तुमच्याबरोबर पुण्याला. एवढ्या वयात कशाला सोसायचं?"

"अगं, माझं तोंड बरं आहे! तुम्हाला लागत नाही म्हणून..."

"आम्ही रोज खातोय ना पण. काही झालंय का? काल तर मुलांची सुट्टी म्हणून नुसता बटाट्याचाच बेत होता. त्यांनी आमच्याही ताटातलं उचलून खाल्लं. डॉक्टरांनी सांगितलं ना, हृदय अशक्त झालं होतं. स्वतःला दोष देऊ नका."

उज्ज्वला खुर्चीतून उठली. घरात फार शांत होतं. या घरातून एरवी आळीभर आरडाओरडा ऐकू यायचा.

"मुलं कुठंयत?"

"झोपलीत आत," तन्वी म्हणाली. "सकाळपासून दोघांचंही पोट दुखतंय. ऊन बाधलं असेल."